बिल कमी म्हणजे मिल काटकसरी? नाही हो!

जळगावच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, "आमचं लाइटबिल तुमच्या निम्मं, म्हणजे आमची डाळमिल भारी." वर्षानुवर्षं चाललेला हा हिशेबच चुकीचा आहे.

बिल नव्हे, टनामागे किती युनिट लागले ते बघा. समजा, एका मिलनं महिन्यात ३०,००० युनिट जाळून ५०० टन डाळ काढली. टनाला ६० युनिट. दुसरीनं १८,००० युनिटांत २०० टन, म्हणजे टनाला ९०. बिल कमी, पण उधळपट्टी हिचीच!

त्यातही मेख आहे. तुरीचं साल चिवट. तेल-पाणी लावून ती वाळवावी लागते. एकानं खळ्यावर आपल्या खानदेशी उन्हात वाळवली, दुसऱ्यानं ड्रायर लावला, तर नुसते युनिट ताडून काय उपयोग? ऊन मीटरवर येत नाही. ड्रायरच्या जळणाची उष्णताही युनिटांत बदलून हिशेबात धरा. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. आणि मिल अर्ध्या क्षमतेनं चालली की रिकाम्या फिरणाऱ्या मोटारींचा भार थोड्याच टनांवर पडतो, आकडा फुगतो. तेव्हा तूर तुरीशीच, भर हंगाम भर हंगामाशीच ताडायचा.

मोठ्या कारखान्यांसाठी केंद्राची २०१२ची ऊर्जाबचतीची 'पॅट' योजनाही उत्पादनामागची ऊर्जाच मोजते.