साय-फाय सैनिकाच्या हेल्मेटच्या आत काय असतं आणि ते आलं कुठनं

कोल्हापुरात फोमशीट कापून साय-फाय सैनिकाचं हेल्मेट बनवणारी पोरं आता बरीच झालीत आणि बाहेरचा आकार जमला की दरवेळी तोच वाद निघतो, आत काचेवर काय काय दाखवायचं. गोळ्या किती उरल्या, शत्रू कुठाय, नकाशा, सगळंच पाहिजे असतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

काचेवर खूण उमटवून नेम धरायची युक्ती १९०० सालची, पुढं ती विमानात गेली. डोक्यावर घालायचा कॉम्प्युटरचा डिस्प्ले १९६८ ला झाला, तो एवढा जड की छताला टांगून ठेवायला लागायचा. पण त्याच्याही आधी, १९५९ च्या एका अमेरिकन कादंबरीत सैनिकाच्या हेल्मेटमधली सगळी माहिती कपाळासमोरच्या आरशात दिसते, म्हणजे बघायचं तर नजर वर न्यायची, नाहीतर समोरचं रान मोकळं. रेडिओचं चॅनेल बदलायचं तेही जबड्यानं, कारण हात शस्त्राला पाहिजेत. माझ्या मते हेल्मेटचा एवढा नीट विचार नंतर फार कमी जणांनी केला.

नंतरच्या गेम आणि सिनेमांनी सगळं डोळ्यासमोर आणून ठेवलं. २००१ च्या एका गाजलेल्या गेममध्ये कोपऱ्यात रडार आणि वर ढाल किती उरली ते दाखवणारी पट्टी, ते ठीकच आहे कारण खेळणाऱ्याला सपाट स्क्रीनच असते, पण खऱ्या माणसाचा डोळा एकाच वेळी जवळच्या आकड्यावर आणि लांबच्या झाडावर फोकस करू शकत नाही, म्हणून डिस्प्लेचा प्रकाश लेन्समधनं असा वळवावा लागतो की आकडा लांबच आहे असं डोळ्याला वाटावं. शिवाय मान वळली की चित्र त्याच क्षणी सरकायला पाहिजे, जरा मागं राहिलं तरी मळमळतं. आणि श्वास. पावसात पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला हेल्मेटची काच जशी धुरकटते तेच १९६६ मध्ये अवकाशात एका अमेरिकन अंतराळवीराचं झालं, काही दिसेना म्हणून स्पेसवॉक अर्ध्यात आटपायला लागला.

आता ज्यावर खरा वाद झाला तो निर्णय. अमेरिकेच्या लष्करानं २०१८ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीला तिच्याच गॉगलवरनं पायदळासाठी डिस्प्ले करायला ४८ कोटी डॉलरचं काम दिलं आणि मार्च २०२१ मध्ये, मैदानातली मोठी चाचणी व्हायच्या आधीच, १० वर्षांत १ लाख २० हजार नगांपर्यंतचा, जवळपास २२ अब्ज डॉलरचा करार करून टाकला. बाजू घेणारे म्हणायचे की वाट बघत बसलो तर तंत्रज्ञान मागं पडतं, आणि त्यात तथ्य आहेच, पण जो माणूस ते घालून चिखलात पळणार त्याला पटायच्या आधी एवढा आकडा ठरवणं मला चुकीचंच वाटतं. २०२२ मध्ये तिथल्याच तपासणी यंत्रणेनं लिहिलं की सैनिकांनी हे स्वीकारलं नाही तर सगळा पैसा वाया जाऊ शकतो. त्याच वर्षीच्या चाचणीत बहुतेकांना काही ना काही त्रास झाला, डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ, मान आखडणं, वर डिस्प्लेचा उजेड अंधारात लांबनं दिसायचा, म्हणजे शत्रूला आयतंच निशाण. पुढच्या ६,९०० नगांसाठी मागितलेले ४० कोटी डॉलर संसदेनं अडवले.

मग सुधारित मॉडेल आलं ते हलकं, वजन नीट वाटलेलं आणि डिस्प्ले वर उचलून बाजूला करता येईल असं. म्हणजे त्या कादंबरीतल्या कपाळाशीच गाडी परत आली. विमानवाल्यांनाही वजनाचा दणका बसलाच होता, २०१५ मध्ये एका नव्या लढाऊ विमानात साधारण ६२ किलोच्या खालच्या पायलटांना बसू देणं थांबवलं होतं, कारण सीटसकट बाहेर फेकलं गेलं तर जड हेल्मेटमुळं मानेला धोका होता, मग हेल्मेट हलकं करायला लागलं. पायदळाचं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या सॉफ्टवेअर कंपनीकडनं एका नव्या शस्त्र-कंपनीकडं गेलं.