चौकटीत सापडलेलं पान

‘माझं पान कुणी फ्रेममध्ये उघडलं तर ते आपोआप बाहेर येतं, दोन ओळी टाकल्यात मी.’ वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या एका मुलाने हे इतक्या खात्रीने सांगितलं, की मला लगेच करून बघावंसं वाटलं. वेगळ्या डोमेनवर एक रिकामं पान तयार केलं, त्यात एक आयफ्रेम, म्हणजे दुसरं पान दाखवणारी चौकट, ठेवली, तिला आतल्या पानावर बंधनं घालणारा ‘सॅण्डबॉक्स’ हा गुणधर्म दिला आणि आत त्याचं पान उघडलं. ते निमूट बसून राहिलं. लॉगिनचा फॉर्म दिसत होता, बटणं दाबली जात होती, त्याच्या दोन ओळीसुद्धा चालल्या होत्या. पान काही बाहेर आलं नाही.

या दोन ओळी अजूनही जागोजागी उतरवून घेतल्या जातात. त्या का हरतात, हे समजलं की सर्व्हरने काय करायचं आणि ब्राउझरने काय करायचं, ही वाटणीच उलगडते. मला हा सगळा विषय आवडतो तो त्यासाठी.

फ्रेम म्हणजे एका वेबपानाच्या आत दुसऱ्या वेबपानासाठी काढलेली चौकट. नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरने १९९६ मध्ये ती लोकांपर्यंत आणली. पानाचे तुकडे पाडणारा तो जुना ‘फ्रेमसेट’ एचटीएमएल ५ ने, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या पुढच्या आवृत्तीने, बाद केला, पण पानात कुठेही बसवता येणारी आयफ्रेम टिकली. नकाशे, व्हिडिओ, पैसे भरायच्या खिडक्या अनेकदा तिच्यातूनच येतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की आतलं पान बाहेरच्या पानाच्या सर्व्हरमार्फत येत नाही. तुमचा ब्राउझर स्वतः आतल्या पानाच्या सर्व्हरकडे वेगळी विनंती पाठवतो आणि पूर्वी त्या विनंतीसोबत त्या साइटच्या कुकीजही, म्हणजे तुमची ओळख पटवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीही, सरसकट जात. तुम्ही तिथे लॉगिन केलेलं असेल तर फ्रेममध्ये तुमचं लॉगिन केलेलंच पान उघडे. आता ब्राउझर या कुकीजवर बरीच बंधनं घालतात, पण ती अलीकडची गोष्ट.

आता समजा, बाहेरच्या पानाच्या मालकाने ही फ्रेम पूर्ण पारदर्शक केली. ती दिसत नाही, पण सगळ्यात वर आहे. तिच्याखाली त्याने स्वतःचं एक बटण काढलं आणि ते बरोबर आतल्या पानाच्या बटणाखाली येईल असं सरकवून ठेवलं. तुम्ही दिसणाऱ्या बटणावर क्लिक करता, क्लिक पडतो न दिसणाऱ्या बटणावर. २००८ मध्ये वेबसुरक्षेचे संशोधक जेरेमाया ग्रॉसमन आणि रॉबर्ट हॅन्सन यांनी या प्रकाराला ‘क्लिकजॅकिंग’ हे नाव दिलं. फेब्रुवारी २००९ मध्ये ट्विटरवर ‘डोन्ट क्लिक’ असं लिहिलेल्या लिंका भराभर पसरल्या, त्या याच युक्तीने. लिंक उघडली की एक बटण दिसे. त्याच्यावर अदृश्य फ्रेममध्ये ट्विटरचं पान असे आणि त्यात तीच लिंक असलेला मजकूर आधीच भरलेला असे. बटण दाबणारा नकळत स्वतःच्या नावाने लिंक पुढे पाठवून मोकळा होई.

यात कुणाचा पासवर्ड चोरला गेला नाही, कुठलंही कूट फुटलं नाही. पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हाबद्दल एक अंधश्रद्धाच तयार झाली आहे, की कुलूप दिसलं म्हणजे पान सुरक्षित. ते कुलूप एवढंच सांगतं, की ब्राउझर आणि पट्टीतल्या पत्त्याचा सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही. फ्रेमच्या आत काय ठेवलं आहे याबद्दल ते काहीच सांगत नाही. ‘हे प्लगइन टाका, साइट शंभर टक्के सुरक्षित’ ही जाहिरातही त्याच पठडीतली.

आता त्या दोन ओळींकडे येऊ. ब्राउझरमध्ये प्रत्येक पानाला दोन नावं ठाऊक असतात: ‘सेल्फ’ म्हणजे मी स्वतः आणि ‘टॉप’ म्हणजे सगळ्यात बाहेरची खिडकी. पान एकटं उघडलं असेल तर दोन्ही एकच. ओळींचा अर्थ असा: टॉप आणि सेल्फ वेगळे निघाले तर टॉपचा पत्ता बदलून माझा पत्ता टाक. म्हणजे आतलं पान बाहेरच्या पानाला हुसकावून त्याची जागा घेणार. तर्क बिनचूक आहे. अडचण अशी, की हे सगळं बाहेरच्या पानाच्या अंगणात घडतं.

सगळ्यात सुंदर तोड पाहा. एखादं पान सोडून जायची वेळ आली की ब्राउझर त्या पानाला आधी सूचना देतो, म्हणजे अर्धवट भरलेला फॉर्म वाया जाणार असेल तर ते तसं विचारू शकतं. आतल्या पानाने टॉपचा पत्ता बदलायला घेतला की ही सूचना बाहेरच्या पानाला मिळते. हल्लेखोराचं पान ती आली एवढीच नोंद ठेवतं. त्याच्याकडे दर मिलिसेकंदाला वाजणारं एक घड्याळ लावलेलं असतं. नोंद दिसताच ते टॉपला आणखी एका पत्त्यावर पाठवतं, हल्लेखोराच्याच सर्व्हरवर. नवीन प्रवास सुरू झाला की ब्राउझर आधीचा रद्द करतो, त्यामुळे आतल्या पानाची सुटका तिथेच थांबते. आणि हा नवा सर्व्हर उत्तर देतो ‘२०४’. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीच्या भाषेत बोलतात तिच्यात २०४ म्हणजे विनंती पोहोचली, पण दाखवायला मजकूर नाही. मजकूर नसेल तर ब्राउझर आहे त्याच पानावर थांबतो. आतलं पान पुन्हा धडपडलं तर पुन्हा हेच. ब्राउझरने एकही नियम मोडलेला नाही. प्रत्येक नियम आपापल्या जागी शहाणाच आहे आणि त्यांच्या साखळीतून पिंजरा तयार झाला आहे!

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत २०१० मध्ये आघाडीच्या पाचशे साइट तपासल्या. त्यांतल्या ज्या साइटनी फ्रेममधून सुटायची अशी स्क्रिप्ट लावली होती, तिला चकवायची काही ना काही वाट प्रत्येक ठिकाणी सापडली. सॅण्डबॉक्स तर पुढे अधिकृतच झाला. त्यात बाहेरचं पान ठरवतं, की आत स्क्रिप्ट चालू द्यायची, फॉर्म चालू द्यायचे, पण टॉपला हात लावू द्यायचा नाही. बेभरवशाच्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी ते हवंच होतं.

मग सर्व्हरने काय करायचं? पान द्यायलाच नकार द्यावा, असं पटकन वाटतं. पण सर्व्हरपर्यंत पोहोचते ती फक्त विनंती. पान स्वतंत्र खिडकीत उघडणार की कुणाच्या चौकटीत, हे तिच्यावरून वर्षानुवर्षं कळतच नसे. नवे ब्राउझर विनंतीसोबत तशी खूण पाठवतात, जुने पाठवत नाहीत. म्हणजे नियम सर्व्हरला माहीत आहे, परिस्थिती ब्राउझरला. म्हणून सर्व्हरने नियम लिहून पाठवायचा आणि ब्राउझरने तो पाळायचा. २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ बरोबर ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ हे हेडर आलं ते यासाठी. हेडर म्हणजे उत्तराच्या पाकिटावरचा मजकूर. ‘डिनाय’ लिहिलं असेल तर फ्रेममध्ये दाखवूच नका, ‘सेमओरिजिन’ असेल तर फक्त माझ्याच साइटच्या फ्रेममध्ये दाखवा. पान रंगवायला घेण्याआधीच ब्राउझर हे वाचतो. पानातली स्क्रिप्ट तेव्हा सुरूही झालेली नसते, त्यामुळे बाहेरच्या पानाला अडवायला काही उरतच नाही.

नंतर ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ या सुरक्षेचे नियम सांगणाऱ्या दुसऱ्या हेडरमधला ‘फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स’ हा नियम आला. फ्रेममध्ये फ्रेम, तिच्यात आणखी फ्रेम असेल तर तो सगळ्या पूर्वजांना, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक पानाला, तपासतो. जुन्या हेडरचं ‘सेमओरिजिन’ काही ब्राउझर फक्त सगळ्यात बाहेरच्या खिडकीशी ताडून पाहत आणि मधल्या कुणाकडे लक्षच देत नसत.

हे सगळं ऐकून मुलाने दुसऱ्या दिवशी ‘झालं’ म्हणून कळवलं. मी पुन्हा माझ्या फ्रेममध्ये त्याचं पान उघडलं. ते पुन्हा निमूट बसलेलं! त्याने हेडरचा मजकूर पानाच्या आतल्या मेटा टॅगमध्ये लिहिला होता. हेही फार जण करतात. फ्रेमचा नियम मेटा टॅगमधून आला तर ब्राउझर तो मानत नाही, एक्स-फ्रेम-ऑप्शन्सही नाही आणि फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्सही नाही. पाकिटावर लिहायचं ते आतल्या पत्रात लिहून चालत नाही.

मग त्याने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली आणि डेव्हलपर टूल्समधल्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये उत्तराचं हेडर उघडून ती खरोखर जाते आहे ना, हे पाहिलं. मी माझं पान रिफ्रेश केलं. आयफ्रेमच्या जागी एक राखाडी चौकोन होता, आत काहीच नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र विनंतीसमोर ‘२००’ उमटलेलं होतं. सर्व्हरने पान दिलं होतं, ब्राउझरला ते मिळालंही होतं, फक्त त्याने ते मांडलं नव्हतं.