संयुक्त शाळा अनुदान

समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना चालू खर्चासाठी दरवर्षी पटसंख्येनुसार मिळणारा निधी. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या शाळांना मिळतो. वीजबिल, इंटरनेट, पिण्याचे पाणी, खडू, नोंदवह्या, प्रयोगसाहित्य, मोडक्या वस्तूंच्या जागी नव्या वस्तू, इमारत आणि स्वच्छतागृहांची किरकोळ दुरुस्ती असे खर्च यातून भागवायचे असतात. शिक्षकांचे वेतन, नवीन वर्गखोल्या आणि पोषण आहार यांचा पैसा वेगळ्या शीर्षांतून (हिशेबातल्या खर्चाच्या सदरांतून) येतो, त्यांचा या अनुदानाशी संबंध नाही. शिक्षणावरील एकूण सरकारी खर्चात हा वाटा नगण्य आहे. पण शाळा व्यवस्थापन समितीला आपल्या ठरावाने खर्च करता येईल असा बहुतेक एवढाच पैसा गावातल्या शाळेच्या हाती येतो, म्हणून त्याचे मोल रकमेहून मोठे आहे.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात हा पैसा तुकड्यांनी येत असे. शाळा अनुदान प्राथमिकला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 7,000 रुपये, देखभाल अनुदान वर्गखोल्यांच्या संख्येप्रमाणे 5,000 ते 10,000 आणि प्रत्येक शिक्षकाला अध्यापन साहित्यासाठी 500 रुपये. प्रत्येक शीर्षाचा हिशेब वेगळा. देखभालीचे दोन हजार शिल्लक असले तरी त्यातून प्रयोगाचे साहित्य घेता येत नसे. 2018-19 मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या योजना एकत्र करून समग्र शिक्षा सुरू झाली आणि ही शाळास्तरावरची अनुदानेही एकात एक मिसळली. 'संयुक्त' हे नाव त्यावरून आले. शाळेच्या दृष्टीने ही खरी सुधारणा होती.

अनुदानाचे दर पटाच्या गटांवर ठरतात. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करणे बंधनकारक आहे. पट धरला जातो तो यू-डायस प्लस या माहिती प्रणालीवरचा, म्हणजे मागच्या नोंदींतला. यंदा वाढलेली मुले यंदाच्या अनुदानात दिसत नाहीत.

या गटांच्या कडा फार तीक्ष्ण आहेत. 100 मुलांच्या शाळेत मुलामागे 250 रुपये पडतात, एक मूल वाढून 101 झाले की 495. उलट 31 पटाच्या शाळेला 25,000 मिळतात आणि एक मूल आश्रमशाळेत किंवा इंग्रजी शाळेत गेले, पट 30 वर आला, की एकदम 10,000. एका दाखल्याची किंमत 15,000 रुपये! आधीच्या निकषांत ही कडा 15 पटावर होती: 15 पर्यंत 12,500 आणि 16 ते 100 पर्यंत 25,000. ती 30 वर नेल्याने सर्वाधिक फटका बसला तो 16 ते 30 पटाच्या शाळांना, म्हणजे सह्याद्रीच्या वाड्या, मेळघाटातले पाडे, गडचिरोलीतले टोले यांसारख्या वस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांना. मुले कमी असली म्हणून छप्पर लहान होत नाही, मीटरचा स्थिर आकार कमी होत नाही आणि नोंदवह्याही कमी लागत नाहीत. पटावर आधारलेल्या सूत्रात इमारतीचा खर्च धरलेलाच नाही, हा या रचनेचा मूळ दोष आहे.

निधीचा प्रवास लांबचा आहे. जिल्ह्यांचे वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक राज्यस्तरावर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेत एकत्र होते, दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळ त्याला मंजुरी देते, मग केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के हिस्सा टाकते (ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण 90:10 आहे). केंद्राचा पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर, म्हणजे मिळालेला पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यांवर, अवलंबून असतो. एका टप्प्यावर कागद अडला की त्याखालचे सगळेच थांबतात. त्यामुळे आर्थिक वर्ष एप्रिलला आणि शाळा जूनमध्ये सुरू झाली तरी पैसा पुष्कळदा हिवाळा उलटल्यावर पोहोचतो, आणि तोही कधी कधी अर्धाच.

2021 मध्ये आलेल्या पद्धतीत पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. राज्याचे एकच मध्यवर्ती खाते असते आणि शाळेच्या नावे शून्य शिलकीचे उपखाते. वरून जिल्हा, तालुका, शाळा असा खर्चाचा 'लिमिट', म्हणजे खर्च करता येईल अशी कमाल रक्कम, उतरतो. देयक भागवताना मुख्याध्यापक पीएफएमएस या सरकारी पैशाच्या देवघेवीच्या संगणक प्रणालीत आधी पुरवठादाराची नोंद करतात: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक). मग एका लॉगिनमधून खर्च भरला जातो आणि दुसऱ्या लॉगिनमधून मंजूर होतो. त्यानंतर निघणाऱ्या छापील पेमेंट ॲडव्हाइसवर समितीचे अध्यक्ष आणि सचिव सही करतात आणि तो कागद बँकेत जातो. त्याची मुदत 10 दिवसांची. मुदत टळली तर सगळे पुन्हा.

चुका कुठे होतात हे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात बसणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असते. पुरवठादाराचे नाव पासबुकात एक आणि दुकानाच्या पाटीवर दुसरे असते. बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी जुनाच भरला जातो. गवंडी, प्लंबर, सुतार यांच्याकडे छापील बिल नसते, म्हणून काम गावातल्या माणसाने करूनही देयक तालुक्याच्या दुकानदाराचे जोडले जाते, आणि लेखापरीक्षणात प्रश्न नेमका तिथेच उभा राहतो. यावर सरळ मार्ग आहे. मजुराचे नाव, कामाचे दिवस आणि दर लिहिलेली, त्याच्या सहीची हातपावती घ्यावी, समितीच्या ठरावात कामाचा उल्लेख करावा आणि पैसे थेट त्याच्याच खात्यात टाकावेत. समितीची मुदत दोन वर्षांची असते. अध्यक्ष बदलल्यावर ठरावाची प्रत आणि नव्या सहीचा नमुना बँकेत दिला नाही, तर ऐन मार्चमध्ये व्यवहार अडतात.

72 पटाच्या एका शाळेचे गणित मांडून पाहू. मंजूर 25,000, त्यातले 2,500 स्वच्छतेचे. महिन्याला सरासरी 800 रुपये वीजबिल धरले तर वर्षाचे 9,600. इंटरनेटचे महिना 500 प्रमाणे 6,000. हजेरीपट, खडू, कागद, छपाई 3,000. उरतात 3,900. त्यात एका वर्गाचे दरवाजे रंगवून होतात किंवा हातपंपाची दुरुस्ती, दोन्ही नाही. पहिला हप्ता निम्मा, म्हणजे 12,500 आला, तर वीज आणि स्वच्छता झाल्यावर हातात 400 रुपये राहतात. अशा शाळेत टीव्ही आणि संगणक लोकसहभागातून आलेले असतात, पण थकबाकीमुळे वीजजोडणी तोडली गेली की ते कपाटात जातात.

उशिराचा खरा भार गुरुजींवर पडतो. जुलैमध्ये वीजबिल मोबाइलवरून स्वतःच भरायचे, दुकानातून साहित्य उधार आणायचे आणि निधीची वाट बघायची, हे इतके सवयीचे झाले आहे की त्याची नोंदही कुठे होत नाही. प्रणाली पैसा थेट पुरवठादाराला देते, त्यामुळे खिशातून भरलेली रक्कम परत मिळवणे अवघड होते. त्यासाठी खर्च करण्याआधीच समितीचा ठराव हवा, पावती शाळेच्या नावे हवी आणि प्रतिपूर्ती कुणाला द्यायची हे इतिवृत्तात स्पष्ट लिहिलेले हवे. मागाहून केलेला ठराव लेखापरीक्षणात टिकवणे कठीण जाते.

पैसा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला तर 31 मार्चपर्यंत खर्च दाखवावा लागतो, कारण न वापरलेला लिमिट परत जातो. मग घाईत त्याच त्या वस्तू घेतल्या जातात: खुर्च्या, घड्याळ, फोटो, आणखी एक कपाट. छपराची गळती कळते जुलैत आणि पैसा येतो मार्चमध्ये, तोवर ती कुणाच्या लक्षातही नसते. म्हणून जाणत्या शाळा पावसाळ्यातच गरजांची यादी करून समितीपुढे ठेवतात, तीन दरपत्रके घेऊन ठेवतात आणि पुरवठादाराची नोंद डिसेंबरपूर्वी उरकतात. लिमिट येताच दोन दिवसांत देयके निघतात.

शाळा व्यवस्थापन समिती शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार स्थापन होते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. मुख्याध्यापक सचिव असतात. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), प्रमाणकांची (खर्चाच्या पावत्यांची) फाईल, इतिवृत्त आणि जडवस्तू संग्रह नोंदवही (टिकाऊ वस्तूंची यादी) हे चार दस्तऐवज जुळले की हिशेब पूर्ण होतो. जुन्या वस्तूंचे रीतसर निर्लेखन न करता, म्हणजे त्या नोंदीतून कमी न करता, नव्या घेतल्या तर संग्रह नोंदवहीत दोन्ही जिवंत राहतात आणि बदली होणाऱ्या मुख्याध्यापकाला पदभार देताना मोडलेल्या बाकांचा हिशेब द्यावा लागतो.

याच योजनेतून ग्रंथालयासाठी (प्राथमिकला 5,000 रुपयांपर्यंत) आणि क्रीडा साहित्यासाठी (प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 पर्यंत) स्वतंत्र अनुदान येते, ते संयुक्त अनुदानात मिसळू नये. पाणी आणि स्वच्छतागृहाच्या मोठ्या कामासाठी 10 टक्क्यांचा स्वच्छतेचा वाटा कधीच पुरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. शाळेचे काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आले तर ते अशा निधीतून होऊ शकते. हा आराखडा पुढच्या वर्षासाठी आधीच तयार होतो, म्हणून मागणीचे पत्र, समितीचा ठराव आणि कामाचे अंदाजपत्रक त्यासाठीच्या ग्रामसभेपूर्वी ग्रामपंचायतीत द्यावे आणि पोच घ्यावी.