लिनक्सवर मराठी चालत नाही? खुलासा

जळगाव-धुळ्याकडे डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या) दुकानांत वर्षानुवर्षं फिरणारा समज: ‘लिनक्स टाकलं की मराठी फाइलींचा कचरा होतो.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम.

कचरा दिसतो हे खरं, पण दोष फाइलीत असतो. शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणक इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट त्यांना फक्त मराठी आकार देतो. फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच दिसणार. पडताळायचंय? लग्नपत्रिकेतली एक ओळ कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. इंग्रजी अक्षरं उमटली तर फाइल जुन्या फॉन्टची. मराठीच राहिली तर फाइल युनिकोडची (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत), आणि ती लिनक्सवर नीट उघडते. ‘ळ’ला युनिकोडचा एकच क्रमांक आहे, ०९३३, सगळ्या सिस्टिमवर तोच.

लिनक्स न टाकताही बघता येतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर (आधीचा डेटा काढून ठेवा, तो पुसला जातो) रुफस या प्रोग्रामने लिनक्स मिंटची (लिनक्सचा एक प्रकार) आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल, चढवा. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका, हार्डडिस्क आहे तशीच राहते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडून टाइप करा.

जुन्या फॉन्टच्या फाइली आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार तिथेच बिघडतात, ते डोळ्यांखालून घालाच. पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामवरच काम असेल तर विंडोज राहू द्या, तो लिनक्ससाठी निघालेलाच नाही.