सहावीतल्या पोराला चित्रांचं पुस्तक चालतं

"सहावीत गेला न तो, मंग आता चित्राचं पुस्तक कायले?" आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत वाचणाऱ्या पोराच्या घरी हे हमखास ऐकू येतं. इयत्ता वाढली की पुस्तक जाड हवं, हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा आहे.

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंतच्या गोष्टी, चौथ्या पातळीत १५०० शब्दांच्या पुढच्या. हा हिशेब वाचनाच्या सरावाचा आहे, वयाचा नाही.

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत माझा बारा वर्षांचा भाचा धाकट्या बहिणीला ओसरीवर चित्रांची गोष्ट वाचून दाखवत होता. मधेच थांबला, पानावर बोट ठेवलं. "याच्या बैलाले वेसणच नाही!" मग दोघांनी मागची सगळी पानं पुन्हा उलटली. इतकं बारीक वाचन मी त्याच्या जाड पुस्तकांत कधी पाहिलं नव्हतं.

पुस्तक निवडताना मधलं एक पान मोठ्यानं वाचायला द्या. पाचाहून जास्त शब्दांना अडखळलं तर ते तुम्ही सोबत बसून वाचा. उलट, आठ वर्षांची पोर मोठ्यांचं पुस्तक धडाधड वाचते तेव्हा शब्द कळतात, पण त्यातलं दुःख, हिंसा तिला पेलेल का, हे आधी स्वतः वाचून बघा. सरमिसळ वयाच्या घरात बालभारतीचं 'किशोर' मासिक ठेवा. १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात.