मेंदूतला लिम्फोमा आणि ‘प्रोफिलॅक्सिस’ या शब्दाचा घोळ

लिम्फोमा म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर. तो पुढे मेंदूत उलटू नये म्हणून आधीच औषध द्यायचं, याला ‘प्रोफिलॅक्सिस’ म्हणजे प्रतिबंध म्हणतात. ही रीत मूळची लिम्फोमाची नाही. 1960च्या दशकात ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांचं रक्त साफ व्हायचं, बोनमॅरो साफ व्हायचा, आणि आजार उलटायचा तो मेंदूच्या आवरणांत. मग डोक्याला रेडिएशन आणि मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध सुरू झालं. बर्किट आणि लिम्फोब्लास्टिक या झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमांत ते तसंच उचललं गेलं, आणि तिथे त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते डिफ्यूज लार्ज बी-सेल या लिम्फोमाच्या दुसऱ्या प्रकाराचं.

या आजारात मेंदूपर्यंत मजल जाते ती शंभरात साधारण पाच जणांची. ते पाच आधी ओळखायला 2016मध्ये सहा निकषांची मोजपट्टी आली. त्यातला लक्षात राहणारा निकष म्हणजे मूत्रपिंड किंवा त्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ. या मोजपट्टीवर सर्वांत जास्त धोक्याच्या गटातसुद्धा दोन वर्षांतला धोका 10 टक्क्यांच्या आसपासच भरतो. म्हणजे दहातल्या नऊ जणांना औषध उगाचच.

रिटुक्सिमॅब हे बी-पेशींवर नेम धरणारं औषध आल्यावर आजार आवरणांपेक्षा मेंदूच्या गाभ्यात जास्त उलटताना दिसू लागला. मणक्यातून दिलेलं औषध तिथवर मुरत नाही. म्हणून शिरेतून मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस, शरीराच्या दर चौरस मीटरला 3 ते 3.5 ग्रॅम. पिवळीधमक बाटली, सोडाबायकार्बची सलाइन, दर लघवीला पीएचची पट्टी, दुसऱ्या दिवसापासून उतारा म्हणून ल्युकोव्होरिन, आणि रक्तातली पातळी उतरेपर्यंत घरी सुट्टी नाही.

एवढं करून मिळालं काय? 2020 नंतरच्या मोठ्या पाहण्यांत फरक निघाला एक-दोन टक्क्यांचा, काहींत तोही नाही. हा डोस आर-चॉपच्या (रिटुक्सिमॅबसह दिल्या जाणाऱ्या मुख्य केमोच्या) सायकलींमध्ये द्या की शेवटी, मेंदूत आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सहा टक्क्यांच्या जवळच. मध्ये दिला की आर-चॉपची पुढची सायकल मात्र लांबते. बरं, मेथोट्रेक्सेट मिळतं ते किडनी धड असलेल्यांना, म्हणजे मुळातच तब्येत बरी असलेल्यांना. पारडं आधीच औषधाकडे झुकलेलं, तरी आकडा हलत नाही.

माझ्या मते गोंधळाचं मूळ ‘प्रोफिलॅक्सिस’ या शब्दात आहे. मेंदूत आजार उलटतो तो बहुतेकदा पहिल्या वर्षातच, कित्येकदा आर-चॉप संपतं न संपतं तोच. म्हणजे निदानाच्या दिवशीच पेशी आत शिरलेल्या असणार. मणक्याच्या पाण्याची फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून लेझरने ओळखणारी तपासणी) केली तर साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसलेल्या पेशी काहींत सापडतातही. अशा रुग्णाच्या केसपेपरवर मग प्रतिबंध लिहायचा की उपचार?