नकाराचे सहा अर्थ आणि हृदयाची सरळ रेघ

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तकं हिंदीत निघाली: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. तेव्हापासून आमच्या इंदुरात, मराठी घरांतसुद्धा, एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. वैद्यकातल्या संज्ञांना देशी प्रतिशब्द द्यायचे, की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहायचे? शब्द कुठलाही ठेवा, पण त्याची फोड शिकवा, असं मला वाटतं. एमवाय हॉस्पिटलच्या बाहेर हातात रिपोर्ट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘ॲनिमिया’ वाचून आपल्या अंगात रक्तच उरलं नाही की काय, असं वाटतं. त्याची भीती निम्मी तरी त्या पहिल्या अक्षरातून आलेली असते.

ग्रीकमधून आलेल्या शेकडो वैद्यकीय संज्ञा अ किंवा अन् या नकारानं सुरू होतात. पुढे व्यंजन असेल तर अ, स्वर असेल तर अन्. म्हणून अफेजिया (वाचा जाणं), ॲट्रोफी (झिजणं), ॲप्निया (श्वास थांबणं). पण ॲनेस्थेशिया (भूल), ॲनॉक्सिया (प्राणवायू नसणं). ॲनिमियातला मूळ शब्द आहे ‘हैमा’, म्हणजे रक्त. ग्रीक लोक सुरुवातीच्या ह-ला स्वतंत्र व्यंजन मानत नसत, स्वरावरचा श्वास मानत, म्हणून तिथेही अन् लागला. हा नियम मराठी माणसाला नव्यानं शिकायची गरज नाही. आपण अशक्त म्हणतो आणि अनावश्यक म्हणतो, अज्ञान म्हणतो आणि अनादी म्हणतो. पाणिनीनं हे लागोपाठच्या दोन सूत्रांत बांधलं आहे: नकारातला न् गळतो, आणि पुढे स्वर आला तर मध्ये पुन्हा न् येतो.

एवढं साम्य पाहिलं की ग्रीक भाषा संस्कृतातूनच निघाली आणि सगळं वैद्यक आपल्याकडूनच तिकडे गेलं, असे मेसेज फिरू लागतात. ते खरं नाही. संस्कृत आणि ग्रीक या बहिणी आहेत, दोघींची आई एकच, आज लुप्त झालेली भाषा. लॅटिनचा ‘इन’ आणि इंग्रजीचा ‘अन’ हे नकारही त्याच घरातले. बहिणींच्या चेहऱ्यांत साम्य असणं ही पुरेशी सुंदर गोष्ट आहे, तिला खोट्या अभिमानाची जोड लागत नाही.

आपल्या वैयाकरणांनी खरा पराक्रम केला तो पुढे. या छोट्याशा नकाराचे त्यांनी सहा अर्थ सांगितले: सादृश्य, अभाव, अन्यत्व (वेगळेपणा), अल्पता, अप्राशस्त्य (वाईट असणं) आणि विरोध. अल्पतेचं त्यांचं उदाहरण आहे ‘अनुदरा कन्या’. शब्दशः पोट नसलेली मुलगी, पण अर्थ नाजूक कमरेची. पोट आहे, बारीक आहे.

ॲनिमियातला अन् नेमका हाच. रक्त आहे, त्यातलं हिमोग्लोबिन कमी आहे. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते डेसिलिटरमागे १२ ग्रॅमच्या खाली गेलं, पुरुषात १३ च्या खाली गेलं, की ॲनिमिया म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया या रेषेखाली निघाल्या. इथले डॉक्टर ‘खून की कमी’ म्हणतात ते मूळ ग्रीक शब्दापेक्षा जास्त बरोबर आहे. ॲटिपिकल न्यूमोनियात अन्यत्व आहे: न्यूमोनिया आहेच, फक्त नेहमीच्या ओळखीचा नाही.

आता ज्या दोन शब्दांसाठी हे सगळं लिहायला बसलो ते घेतो: ॲरिथमिया आणि असिस्टोली. दोन्ही हृदयाचे, दोन्हींच्या तोंडी अ. पहिल्यात लय बिघडलेली असते, म्हणजे अप्राशस्त्य. दुसऱ्यात आकुंचनच नसतं, म्हणजे निखळ अभाव. सिनेमात आणि मालिकेत या दोन ‘अ’ची सर्रास गल्लत होते. मॉनिटरवर सरळ रेघ येते, डॉक्टर छातीवर विजेचा झटका देतात, रेघ पुन्हा नाचू लागते. खऱ्या आयुष्यात सरळ रेघेला झटका देत नाहीत, कारण त्याचा उपयोग होत नाही.

का, ते बघा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते, सायनस नोड. ती मिनिटाला ६० ते १०० वेळा आपणहून विजेचा ठोका देते. तो ठोका वरच्या कप्प्यांतून पसरतो, मधल्या एव्ही नोड नावाच्या दुसऱ्या गाठीपाशी सेकंदाचा साधारण दहावा भाग थबकतो, म्हणजे वरचं रक्त खाली उतरायला सवड मिळते, आणि मग खालच्या कप्प्यांत वेगानं पसरून त्यांना एकदम आवळतो. हे आवळणं म्हणजे सिस्टोली. ठोका देऊन झालेली प्रत्येक पेशी नंतर सेकंदाचा पाव भागभर बधिर राहते, तिला पुन्हा चेतवता येत नाही. सगळं हृदय या बधिरपणात असल्यामुळे लाट पुढे जायला जागाच उरत नाही आणि ती विझते. एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर माळव्यात नरवाई पेटवतात, तेव्हा जळलेल्या पट्ट्यावरून आग मागे फिरत नाही, तसंच.

पण हृदयविकाराच्या झटक्यात एखादा भाग जखमी झाला, काही पेशी लवकर आणि काही उशिरा शुद्धीवर येऊ लागल्या, तर लाटेला वळसा घालून परत यायला वाट सापडते. ती जिथून निघाली तिथे पोहोचेपर्यंत तिथल्या पेशी पुन्हा तयार असतात. लाट फुटते, एकीच्या अनेक होतात, प्रत्येक जण दुसरीच्या मागच्या मोकळ्या जागेत घुसते. खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही. हे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, सर्वांत घातक ॲरिथमिया. यात वीज कमी नसते, उलट सगळीकडे असते.

इथे विजेचा झटका कामाला येतो. तो जवळजवळ सगळ्या पेशी एकाच क्षणी चेतवतो, म्हणजे सगळ्या एकदम बधिर होतात. भटकणाऱ्या लाटांना पाय ठेवायला जागा उरत नाही आणि त्या मरतात. क्षणभर हृदयात पूर्ण शांतता होते, मॉनिटरवर सरळ रेघ दिसते. मग स्वतःहून ठोका देण्याची सवय असलेला सायनस नोड जागा होतो आणि लय हातात घेतो. झटक्याचं काम हृदय चालू करणं हे नाही. गोंधळ थांबवणं एवढंच त्याचं काम, चालू व्हायचं ते हृदय आपलं आपण होतं.

असिस्टोलीत थांबवायला काही नसतंच. सरळ रेघ आधीच आहे, आणि नोड गप्प आहे तो प्राणवायू न मिळाल्यामुळे किंवा रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढल्यामुळे. तिथे छाती दाबत राहायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन द्यायचं. आणि कारण शोधायचं. झटका देण्यात गेलेला वेळ छाती दाबण्यातून वजा होतो. हे नातेवाइकांना माहीत नसलं की ‘मशीन होती तरी शॉक दिला नाही’ म्हणून अतिदक्षता विभागाबाहेर भांडणं होतात, आणि त्यात डॉक्टरांची बाजू ऐकायला कोणी तयार नसतं.

फोड करताना फसवणारे शब्दही आहेत. ॲटम म्हणजे न कापता येणारा, त्यात नकार आहे. ॲनाटॉमीतही तेच कापणं आहे, पण तिथला ‘ॲना’ हा वेगळा उपसर्ग, आणि अर्थ कापून उलगडणं. ॲनॅलिसिस आणि ॲनाबॉलिझमही त्याच ‘ॲना’चे. अस्थमातला अ तर मूळ शब्दाचाच, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ धाप लागणं. अँटिसेप्टिकमधला अँटि जंतूंच्या विरोधात उभा राहतो, तर असेप्टिकमध्ये जंतू आधीच नसतात. शल्यचिकित्सेच्या इतिहासात या दोन पद्धती एकामागून एक आल्या.

आणि रिपोर्टवर कधी अप्लास्टिक ॲनिमिया असं दिसलं, तर दोन नकार वेगवेगळे वाचा. दुसरा अल्पतेचा, तो वर सांगितला. पहिला अभावाकडे झुकणारा आहे: हाडांच्या मगजात रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी नाहीशा होत जातात, त्यांची जागा चरबी घेते. तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी पडतात. यावर लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे लगेच जायला हवं.